दोन अर्थ: कुठे टाळायचे, कुठे राखायचे

लिहायला नुकतीच सुरुवात केली आहे, तर आधी ‘परवा’कडे बघा. हा शब्द मागचाही दिवस सांगतो आणि पुढचाही. ‘परवा बैठक झाली’ इथे क्रियापद सोडवणूक करतं. ‘परवाच्या बैठकीचे कागद आणा’ इथे मात्र वाचणारा अडकतो. सूचनेत सरळ तारीख घाला.

‘आपल्या’चंही तसंच. ‘रमेशने सुरेशला आपल्या घरी नेलं’ यातलं घर रमेशचं की बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांचं? नाव घाला, ‘रमेशच्या घरी’ नाहीतर ‘तुमच्या-माझ्या घरी’. पुनरुक्ती वाटली तरी चालेल.

‘जुनी पुस्तकं आणि मासिकं’ यात मासिकं जुनी आहेत का? नसतील तर क्रम उलटा करा: ‘मासिकं आणि जुनी पुस्तकं’. स्वल्पविरामापेक्षा हा उपाय पक्का, कारण मोठ्याने वाचतानाही तो टिकतो.

श्लेषात, म्हणजे एका शब्दातून मुद्दाम दोन अर्थ साधणाऱ्या अलंकारात, हाच दुहेरी अर्थ हवा असतो. व्याकरणाच्या वर्गातलं नेहमीचं उदाहरण घ्या: ‘मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?’ मित्र म्हणजे सखा आणि सूर्यही. पण खरं काम ‘उदय’ करतो, तो दोघांनाही लागू पडतो. ‘मित्राच्या बढतीने’ लिहा, सूर्य लगेच गळतो. नवशिके दुहेरी शब्द शोधतात आणि शेजारचा शब्द तपासायला विसरतात. श्लेष बहुधा तिथेच फसतो. म्हणून वाक्य दोनदा वाचा, दर वेळी एकच अर्थ मनात धरून. एकाही वाचनात अडखळलात, तर शेजारचा शब्द बदला.