कोड दुसऱ्याच खात्यावर गेला तर

खानापूरला आमच्या घरी एकच संगणक होता आणि त्यावर धाकट्या भावाचे खाते कायम उघडे असे. बेळगावहून आणलेल्या गेमच्या कार्डावरचा रुपेरी पट्टा नखाने खरवडून मी कोड टाकला, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातले नाव माझे नाही हे गेम त्याच्या खात्यात जमा झाल्यावर लक्षात आले. तुमचाही कोड असाच दुसऱ्याच्या खात्यावर गेला असेल, तर काय करायचे ते सविस्तर लिहितो.

तोच कोड पुन्हा टाकून पाहू नका. एकदा वापरलेला कोड दुसऱ्यांदा चालत नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर तर वापरलेली की, म्हणजे असा कोड, एका खात्यावरून दुसऱ्यावर हलवलीच जात नाही. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि गेम २ तासांपेक्षा कमी खेळलेला असताना पैसे परत मिळण्याची सवलत स्टीमवरच घेतलेल्या खरेदीसाठी आहे, बाहेरून आणलेल्या कीला ती लागू होत नाही. तरीही कार्ड आणि पावती जपून ठेवा आणि कोड जिथून घेतला त्यांना आजच लेखी कळवा, कारण उद्यावर ढकलण्यात काहीच फायदा नाही.

खाते घरातल्याच माणसाचे असेल तर मार्ग सोपा आहे. स्टीम फॅमिलीज या स्टीमच्या कुटुंबासाठीच्या सोयीत एका घरातल्या ६ जणांपर्यंत गेम वाटून घेता येतात. मात्र एका प्रतीवर एका वेळी एकच जण खेळू शकतो आणि काही गेम या सोयीत येत नाहीत. आम्ही भावंडांनी शेवटी हेच केले.

कोड हलवून देतो असे सांगून कोणी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, तर तो कृपया देऊ नका. गेमपाठोपाठ खातेही जाईल.