मालकमपेठेचा मालक कोण?

प्रश्न : माझी आजी महाबळेश्वरच्या बाजाराला ‘मालकमपेठ’ म्हणायची. हा मालक कोण? – एक वाचक, सातारा

उत्तर : मालक नव्हे हो, माल्कम! सर जॉन माल्कम, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर. १८२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांनी हा डोंगर ईस्ट इंडिया कंपनीला दिला, तोही अदलाबदलीत. बदल्यात घेतलं खंडाळा. लोणावळ्याजवळचं नाही, पुण्याहून येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे लागतं ते. वेण्णा तलाव मात्र प्रतापसिंहांचे भाऊ आणि त्यांच्यानंतरचे छत्रपती अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधवला. बोटीच्या रांगेत उभं राहिलं की हे सगळ्यांना ऐकवायची मला खोड आहे, बायको वैतागते. १८४८ मध्ये अप्पासाहेब वारले, कंपनीनं दत्तक नामंजूर केला आणि साताऱ्याचं राज्यच गिळलं. म्हणजे बदल्यात मिळालेलं खंडाळाही गेलं की!