लातूरचा क्लास लावू, की तिकडचाच?

प्रश्न : मी उदगीर तालुक्यातली, वय ३७. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढं मराठी-इतिहास घेऊन बी.ए. मिस्टर एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आहेत. मला एच-४, म्हणजे अशा नोकरदारांच्या बायकोचा व्हिसा मिळालाय, जूनमध्ये निघायचंय. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात बाहेरून आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग असतात, पण आधी चाचणी घेतात म्हणे. नापास झाले तर? म्हणून लातूरला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा म्हणते. हे शिकून तिथं नोकरी लागेल का? सासूबाईही सहा महिने सोबत येणार आहेत, त्यांनाही शिकायची हौस आहे.

उत्तर : ताई, त्या चाचणीत नापास हा प्रकारच नाही. थोडं वाचायचं, थोडं ऐकायचं, कुठं स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या, कुठं समोर बसून बोलायचं. कॉलेजागणिक पद्धत वेगळी. काही ठिकाणी तर आपली पायरी आपणच निवडायची असते. तुम्हाला कोणत्या वर्गात बसवायचं, एवढंच त्यावरून ठरतं.

मी नांदेडला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं. परीक्षा म्हटली की प्रश्नसंच आणून घोकायचा, ही सवय आपल्या हाडात गेलीय. लातूर पॅटर्ननं तिला प्रतिष्ठाही दिली. इंग्रजीत ऐंशी मार्क पाडणारी माझी पोरं, बाहेरच्या पाहुण्यानं इंग्रजीत नाव विचारलं की माझ्या तोंडाकडं बघायची! तुम्ही तशी तयारी करून गेलात तर वरच्या वर्गात जाऊन बसाल आणि बाई काय बोलतायत ते कळायचं नाही. येतं तेवढंच लिहा. खालचा वर्ग मिळाला तर बरंच झालं म्हणा.

आणि तुमचं व्याकरण तुम्हाला वाटतं तेवढं कच्चं नसणार. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. तुम्ही पाचवीत एबीसीडी गिरवली असेल, पण बी.ए.पर्यंत विषय सुटला नाही. कच्चा आहे तो कान. लातूरच्या क्लासात पुन्हा काळांचे तक्ते भरून तो तयार होणार नाही, ते पैसे ठेवा. घरात मोठ्यानं सराव करा: नावाचं आणि गावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून सांगायचं, फोन नंबर आकड्या-आकड्यानं, तारीख सांगताना महिना आधी. तिकडं पहिल्या आठवड्यात याचीच गरज पडते.

गेल्यावर कॉलेजात 'नॉन-क्रेडिट' ईएसएल विचारा, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचा, पदवीसाठी न धरला जाणारा इंग्रजीचा वर्ग. कॅलिफोर्नियात त्याला शिकवणी फी नसते. पदवीसाठी धरल्या जाणाऱ्या 'क्रेडिट'च्या वर्गाला तिथल्या रहिवाशांना युनिटमागं ४६ डॉलर पडतात; युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं माप. राज्यात वर्ष न झालेल्याला सहसा बाहेरचा धरतात, मग तोच आकडा कितीतरी पट होतो. मोठं सत्र ऑगस्टअखेरीस सुरू होतं, त्यामुळं जूनमध्ये पोचलात की लगेच नाव घाला. सॅन होजेत व्हिएतनामी वस्ती मोठी आहे. शेजारच्या बाकावर व्हिएतनामी नाहीतर मेक्सिकन बाई असेल, तिला मराठी-हिंदीचा गंध नसेल, म्हणजे तिच्याशी इंग्रजीच बोलावं लागेल. आपल्या बायकांचा घोळका दिसला तर वर्गापुरतं लांब बसा. कठोर वाटेल, पण खरं सांगते.

एच-४ वर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. नोकरीचं मात्र या वर्गाशी काही देणंघेणं नाही. प्रमाणपत्र हातात आलं म्हणून कामाची परवानगी मिळत नाही. २०१५ पासून काही एच-४ बायकांना ती मिळते, पण ते नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची फाईल कुठवर गेली यावर असतं. मिस्टरांना 'आय-१४० मंजूर झालाय का' एवढं विचारा; ग्रीन कार्डासाठी कंपनी भरते तो हा अर्ज. तो झाला असेल तर परवानगीचा अर्ज आपल्या नावानं वेगळा करावा लागतो. तोवर इंग्रजीच्या पायऱ्या चढून त्याच कॉलेजात हिशेबाचा किंवा बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम घेता येतो.

सासूबाईंचं वेगळं. त्या व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर कॉलेजच्या अभ्यासक्रमात नाव घालता येत नाही. खिडकीवरचा माणूस 'चालतंय' म्हणाला तरी नको, पुढच्या व्हिसाला ते नडतं. तिथल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत इंग्रजी गप्पांचे गट फुकट चालतात. त्यांना तिकडं घेऊन जा.