एज ऑफ एम्पायर्सचा तिसरा भाग जुन्या खेळाडूंना का रुचला नाही?

तुम्ही विचारलंय की एज ऑफ एम्पायर्स या कॉम्प्युटरवरच्या, वस्ती वसवून लढायच्या खेळाचा दुसरा भाग वर्षभर मन लावून खेळलात, मग तिसरा घेतला, दिसायला तो कितीतरी देखणा आहे, तरी दहा-बारा मॅच झाल्यावर हात पुन्हा दुसऱ्याकडेच वळतो. जुन्या खेळाडूंचंही असंच झालं होतं का, की तुमचंच खेळताना काही चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही. २००६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्यात आमचं अगदी हेच झालं होतं. त्या वेळी मला नीट सांगता आलं नव्हतं की बिनसलं कुठे. आज सांगू शकतो: दुसऱ्या भागात लढाई जमिनीवर व्हायची, तिसऱ्यात ती निम्म्याहून जास्त पत्त्यांत गेली.

जरा मागून सांगतो. पोवई नाक्याजवळच्या एका गल्लीत आठ कॉम्प्युटरचा एक सायबर कॅफे होता. तासाला पंधरा रुपये. शाळा सुटली की दप्तरं काउंटरमागे टाकायची आणि चार विरुद्ध चार मॅच लावायची. दुसरा भाग १९९९ चा, आणि त्याची २००० साली आलेली पुरवणी धरून खेळायला निवडता येतील अशा अठरा संस्कृती होत्या. पण तुम्ही कुठलीही घ्या, सुरुवात बहुतेक सारखीच. एक टाऊन सेंटर म्हणजे वस्तीची मुख्य इमारत, तीन व्हिलेजर म्हणजे कामकरी माणसं, एक घोडेस्वार टेहळ्या. दोनशे अन्न, दोनशे लाकूड, शंभर सोनं, दोनशे दगड. चिनी वगैरे दोन-चार संस्कृतींत थोडा फरक, एवढंच. काल पहिल्यांदा कॅफेत आलेला पोरगा आणि तीन वर्षं खेळणारा मी, दोघांच्या हातात तेवढंच. पुढचं सगळं नकाशावर ठरायचं. मेंढ्या कुठे सापडल्या, रानडुक्कर कुणी आधी ओढून आणलं, सोनं आपल्या बाजूला आहे की उघड्यावर.

आणि टेकडी. हे फार कमी लोक सांगतात, पण आम्हा सातारकरांना त्या खेळाची ओढ लागली ती यामुळे. दुसऱ्या भागात उंचावरून खाली मारलं तर मार सव्वापट बसतो, खालून वर मारलं तर पाऊणपट. म्हणजे तेच दहा तिरंदाज, तेच दहा विरोधक, पण कोण वर उभा आहे यावर निकाल फिरतो. आम्ही ज्या गावात वाढलो तिथे मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. औरंगजेबाचं एवढं मोठं सैन्य १६९९ च्या डिसेंबरात या गडाखाली येऊन बसलं आणि गड हाती यायला एप्रिल १७०० उजाडला. शेवटी त्यांनी सुरुंग लावले, त्यातला एक उलटला आणि त्यांचीच माणसं दरडीखाली गाडली गेली. शाळेच्या सहलीत मंगळाईच्या देवळापाशी उभं राहून खाली बघितलेलं पोर जेव्हा खेळात टेकडी बघतं, तेव्हा तिथे बुरूज बांधावा हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. किल्ल्याला साडेसहाशे दगड लागायचे. दगडाच्या खाणीवर माणसं लावायची, ती राखायची, लाकूड कमी पडेल हे सोसायचं, आणि मग तो किल्ला आपण निवडलेल्या जागी उभा राहायचा. त्या जागेची निवड हीच खेळी होती.

मग तिसरा भाग आला. खेळ ऑक्टोबर २००५ चा, आमच्याकडे पोहोचायला पुढचा मे उजाडला. कॅफेवाल्या दादांनी मोठ्या हौसेने तो लावला. पहिली निराशा खेळाबद्दलची नव्हतीच. दुसरा भाग १६६ मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरवर आणि ३२ एमबी रॅमवर चालायचा, म्हणजे कॅफेतल्या जुन्यात जुन्या मशीनवरही. तिसऱ्याला १.४ गिगाहर्ट्‌झ, २५६ एमबी रॅम आणि ६४ एमबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. आठातल्या दोन मशीनवर तो चालला. आठ जणांचा खेळ दोघांचा झाला आणि बाकीचे सहाजण खुर्च्यांमागे उभे.

उभं राहून बघण्यासारखं होतं मात्र. पाण्यावर जहाजाची सावली हलायची. तोफेचा गोळा भिंतीवर आदळला की भिंतीचे तुकडे खरोखर उडायचे, शिपाई उसळून पडायचे. पहिले दोन दिवस आम्ही लढलोच कमी, एकमेकांची घरं तोफांनी पाडून बघत बसलो. त्या टीमने जीव ओतून काम केलं होतं हे तेव्हाही कळत होतं आणि आजही माझं तेच मत आहे.

बिनसलं ते 'होम सिटी'पाशी. तुम्ही आता खेळता ती नवी आवृत्ती आहे, म्हणून मूळ प्रकार सांगतो. तुमचं एक मायदेशातलं शहर असतं, लंडन, पॅरिस, सेव्हिल असं. मॅचमध्ये लढून, बांधून, वाटेतली बक्षिसं उचलून अनुभवाचे गुण मिळतात आणि ठरावीक गुण झाले की त्या शहरातून एक खेप मागवता येते: लाकूड, सैनिक, तोफा, एखादी सुधारणा. काय काय मागवता येईल ते आधीच वीस कार्डांचा डेक, म्हणजे संच, लावून ठरवायचं. कल्पना म्हणून सुंदर आहे. पण मूळ खेळात हे शहर मॅच संपली तरी तसंच राहायचं आणि मॅचगणिक वरच्या पातळीवर चढायचं. चांगली कार्डं वरच्या पातळीला उघडायची. म्हणजे जो जास्त तास खेळलाय तो जास्त माल घेऊन बसणार, मॅच सुरू व्हायच्या आधीच.

कॅफेत याचा काय परिणाम झाला बघा. हे शहर त्या त्या कॉम्प्युटरवर एका फाइलमध्ये साठायचं. माझा एक वर्गमित्र रोज सकाळी लवकर येऊन चार नंबरच्या मशीनवर एकटाच खेळायचा, त्याचं शहर वाढत वाढत पंचवीसच्या पुढे गेलं. मी मिळेल त्या मशीनवर बसणारा. त्यातून तेव्हा भारनियमन जोरात, दिवसातून दोनदा वीज जायची, आणि दादांनी मशीन पुन्हा सुरू झालं की सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर टाकलेलं. चार नंबर तेवढं त्यातून वगळलेलं होतं. माझं फ्रेंच शहर चार वेळा पहिल्या पातळीपासून सुरू झालं. मेच्या शेवटी आमची मॅच लागली. मी त्याच्या व्यापारी वाटेवरच्या दोन्ही जागा घेतल्या होत्या, माझी माणसं जास्त होती, मी पुढे होतो. तिसऱ्या युगात, म्हणजे खेळातल्या प्रगतीच्या तिसऱ्या टप्प्यात, गेल्याबरोबर त्याच्या घरून तोफांची खेप आली, तिच्या मागोमाग दुसरी. माझ्या यादीत तोफांचं कार्ड अजून उघडलेलंच नव्हतं. पंधरा मिनिटांत संपलं.

हरण्याचं दुःख नव्हतं. त्याच मित्राकडून मी दुसऱ्या भागात शंभर वेळा हरलो असेन, आणि दर वेळी घरी जाताना कळायचं की कुठे चुकलं: दगडाकडे उशिरा गेलो, टेकडी सोडली. या वेळी घरी जाताना शिकण्यासारखं हाताला काहीच लागलं नाही. चूक नकाशावर नव्हती. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा दुसऱ्या भागावर आलो, आणि आश्चर्य म्हणजे तो जिंकणारा मित्रही आला. त्यालाही जिंकल्यासारखं वाटलं नव्हतं असं तो म्हणाला.

बाकीचे बदलही याच दिशेचे होते. दुसऱ्या भागात लाकूड तोडलं की माणूस ते खांद्यावर घेऊन लंबर कॅम्पपर्यंत, म्हणजे लाकूड जमा करायच्या जागेपर्यंत, चालत जातो. कॅम्प रानापासून चार पावलं लांब पडला की तुमचं नुकसान सुरू. तिसऱ्यात माणूस झाडापाशी उभा राहतो आणि लाकूड आपोआप जमा होतं. उद्देश चांगला होता, खेळाडूची बारीकसारीक दगदग वाचावी. पण त्या दगदगीतच जागेचं भान होतं. शत्रूच्या लंबर कॅम्पवर धाड घातली की त्याची चूल बंद पडायची. आता धाड घालण्याजोगं ते मर्मच गेलं. दगड हे साधनच काढून टाकलं. टेहळणी बुरुजांवर सातची मर्यादा. टेकडीचा सव्वापट-पाऊणपटचा हिशेब गेला. आणि किल्ला! युरोपीय संस्कृतींना किल्ला हवा तर घरून कार्ड टाकून त्याची गाडी मागवायची. साताऱ्याच्या पोराला गड जहाजातून येतो हे कसं पटावं?

कथाही दुरावली. दुसऱ्या भागाच्या मोहिमांत सलादिन होता, चंगीझखान होता, जोन ऑफ आर्क होती. बार्बारोसा हे नाव मला त्या खेळातून कळलं आणि मग मी नगर वाचनालयात जाऊन त्याच्यावर वाचलं. तिसऱ्यात ब्लॅक नावाच्या काल्पनिक घराण्याच्या तीन पिढ्या, गुप्त मंडळ आणि तारुण्याचा झरा. गोष्ट म्हणून वाईट नाही, पण वाचनालयाकडे पाय वळवणारी नव्हती.

२००७ मध्ये आशियाई पुरवणीत भारतीय आले तेव्हा आमची आशा पुन्हा जागी झाली. खेळाचा काळच साधारण १५०० ते १८५० चा, म्हणजे नेमका आपला. शाहू महाराजांनी साताऱ्याला गादी मांडली ती १७०८ ची गोष्ट. पण संस्कृती एकच, 'भारतीय', आणि तिचं होम सिटी दिल्ली. राजपूत, गुरखे, सिपाही, उंटावरचे बंदूकधारी झंबुरक सगळे होते. मराठ्यांची स्वतंत्र संस्कृती नव्हती. गनिमी काव्याला याहून योग्य खेळ कुठला असता? तरी त्या भारतीयांत विचार केलेला होता, हे मान्य करतो. त्यांचे व्हिलेजर अन्नावर नाही, लाकडावर तयार होतात. गाय कापता येत नाही, तिला पवित्र कुरणात ठेवायचं आणि तिच्यापासून अनुभवाचे गुण मिळवायचे. पुढे २०२२ मध्ये दुसऱ्या भागात बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा वेगळ्या संस्कृती आल्या आणि आधीचे भारतीय हिंदुस्तानी झाले. तिथेही मी मराठे शोधले. त्या खेळाचा काळ आधीचा, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे.

तिसरा भाग पडला असं मात्र समजू नका. मे २००७ पर्यंत त्याच्या वीस लाखांवर प्रती खपल्या होत्या. ज्यांनी सुरुवातच त्याच्यापासून केली त्यांना तो मनापासून आवडतो, आणि त्यांचं प्रेम खोटं नाही. प्रत्येक संस्कृती दुसरीपेक्षा खरोखर वेगळी खेळते, जे दुसऱ्या भागात फार कमी जाणवतं. दुखलं ते आम्हाला, कारण नाव तेच होतं आणि आम्ही त्या नावावर जमीन शोधत गेलो.

आता तुमच्याबद्दल. २०२० च्या नव्या आवृत्तीत माझ्या मुख्य तक्रारीचं मूळच काढलंय: सगळी कार्डं पहिल्या दिवसापासून उघडी असतात, पातळ्या चढायची गरज नाही. हे कळल्यावर मी चौदा वर्षांनी तो खेळ पुन्हा लावला. तुम्ही बहुधा तयार डेकवर खेळताय. तसं करू नका. एका संस्कृतीचे दोन डेक स्वतः रचा, एक जमिनीचा आणि एक पाण्याचा. ग्रेट प्लेन्ससारखा नकाशा असेल तर शिकार आणि घोडदळाची कार्डं असलेला, कॅरिबियन असेल तर मासेमारी आणि जहाजांची कार्डं असलेला. डेक मॅच सुरू झाल्यावर निवडता येतो, तेव्हा आधी टेहळणीचा माणूस फिरवा, व्यापाराची वाट कुठून जाते ते बघा आणि मगच पहिली खेप मागवा. दर खेपेला स्वतःला विचारा की ही मी नकाशा बघून मागवतोय की सवयीने. मला तरी यातून जुन्या मजेचा बराचसा भाग परत मिळाला.

सुरुवात भारतीयांपासून करा. लाकडावर माणसं तयार होत असल्याने रानाची जागा राखावीच लागते, आणि दुसऱ्या भागावर घडलेल्या हाताला ते ओळखीचं वाटेल. माझा तो चार नंबरवाला मित्र तिसऱ्या भागाकडे अजून परत आलेला नाही. शनिवारी रात्री तो पुण्याहून दुसऱ्याच भागावर येतो, आणि पहिल्या दोन मिनिटांत त्याचा घोडेस्वार टेकडी शोधत असतो.