घरातून तक्रार आली नव्हती

"मॅडम, ह्यांना कशात तरी गुंतवा." समुपदेशनासाठी माझ्याकडे निवृत्त नवऱ्याला घेऊन येणाऱ्या बाईचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. मुलगा घेऊन आला तर तो म्हणतो, "बाबांना एखादा छंद सुचवा ना." आणि गृहस्थ एकटेच आले तर खुर्चीत नीट बसायच्या आधी सांगतात, "वेळ जात नाही हो." बँकेतले अधिकारी, एसटीचे वाहक, साखर कारखान्याचे शेतकी खात्यातले लोक, झेडपीचे शिक्षक... नोकरी कुठलीही असो, गाऱ्हाणं तेच.

इतक्यांदा ऐकल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की प्रश्न वेळेचा नसतोच. वेळ घालवायचे उपाय कुणाला माहीत नसतात? सकाळचं फिरणं, योगवर्ग, हास्यक्लब, हरिपाठ, नातवाला शाळेत सोडणं. हे सगळं करूनही माणूस चारच्या चहाला चिडलेलाच असतो आणि घरच्यांना कळत नाही, आता ह्यांना आणखी काय हवंय. म्हणून एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, नावं आणि घरचे तपशील बदलले आहेत.

वसंतराव सांगलीचे. १९८६ साली टेलिफोन खात्यात रोजंदारीवर लागले, पुढे कायम झाले. २००० मध्ये खात्याचं बीएसएनएल झालं, हुद्द्याचं नाव बदललं, पण गल्लीतल्या लोकांसाठी ते लाइनमनच राहिले. खांबावर चढायचं, भर पावसात पिलरचं, म्हणजे रस्त्याकडेच्या जोडणीपेटीचं दार उघडून तारांच्या जंजाळातून नेमकी जोडी शोधायची, डीपीपर्यंत, म्हणजे जिथून घराघरांत तारा जातात त्या डबीपर्यंत लाइन तपासत जायची. केबलमधल्या जोड्यांचे रंग त्यांनी मला पहिल्याच भेटीत म्हणून दाखवले: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. म्हणताना चेहरा उजळला होता, तेवढ्यापुरताच.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर चिखलातून लाइनी पुन्हा चालू करणाऱ्यांत वसंतराव होते. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. वयाची पन्नाशी गाठलेल्यांनी ३ डिसेंबरपर्यंत अर्ज करायचा होता. ३१ जानेवारी २०२० ला देशभरात बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी निवृत्त झाले, त्यात हेही होते. वय ५५. "सगळे भरत होते, मीही फॉर्म भरला," एवढंच ते त्याबद्दल बोलले. शाल-श्रीफळ झालं, तिरुपतीला जायचं ठरलं आणि आठ आठवडे होतात न होतात तोच टाळेबंदी लागली.

माझ्याकडे आले ते २०२१ च्या दिवाळीनंतर. बोलल्या त्यांच्या पत्नी शालनताई.

"मोटर बंद केली का, दिवसातून दहा वेळा विचारणार. गॅसची नळी तपासणार. मिठाचा डबा डावीकडं कशाला, उजवीकडं ठेव म्हणणार. कुकरच्या शिट्ट्या हे मोजणार. सून माहेरी फोन करायला लागली की आवाज नीट येतोय का विचारणार. दुपारी मी जरा पाठ टेकली की स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज सुरू. इतकी वर्षं चाललेलं घर ह्यांना आता बिघडलेलं दिसतंय."

"मी मदतच करतोय," वसंतराव म्हणाले. "चुकतंय ते सांगायचं नाही होय?"

पहिल्या दोन भेटी यातच गेल्या. मी बाजू घेतली नाही. तिसऱ्या भेटीत त्यांना त्यांच्या कामाबद्दलच विचारत बसले.

"ड्युटीचा दिवस सुरू कसा व्हायचा?"

"एक्स्चेंजला गेलं की तक्रारींची यादी मिळायची. नंबर, पत्ता, काय बिघाड ते. यादी घेऊन सायकलवर निघायचं. पुढं मोटरसायकल आली."

"यादीत नाव नसलेल्या घरी कधी गेलात? आपण होऊन डबी उघडली, तारा तपासल्या, असं?"

"छे! तक्रार नोंदवल्याशिवाय कुणाच्या दारात पाय ठेवायचा नाही. लोक हाकलून देतील."

"मग शालनताईंनी तक्रार कधी नोंदवली होती?"

ते काहीतरी म्हणायला गेले आणि थांबले. शालनताई पदराचं टोक चाळवत बसल्या. मी बोलले नाही. नवे समुपदेशक माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा त्यांना मी हेच आधी शिकवते, की अशा वेळी आपण तोंड उघडलं तर समोरच्याच्या हाताशी आलेली गोष्ट निसटते. बऱ्याच वेळाने वसंतराव म्हणाले, "यादीच मिळत नाही आता. म्हणून मी घरात फिरून स्वतःच तयार करतोय."

हे त्यांचं वाक्य आहे, माझं नाही. पण ते उमटायला जागा मिळाली याचं मला समाधान आहे. निवृत्त माणूस घरात नाक खुपसतो तेव्हा घरचे म्हणतात, साहेबी जात नाही, सत्ता गाजवायची सवय आहे. काही ठिकाणी ते खरंही असेल. मला मात्र त्या ढवळाढवळीत बहुतेक वेळा एक विनवणी ऐकू येते: माझी कुणाला तरी गरज लागू द्या. ज्याने आयुष्यभर बिघाड दुरुस्त करून मान मिळवला, तो मान मिळवायला बिघाडच शोधणार. निवृत्त शिक्षक घरात चुका शोधतात, निवृत्त हिशेबनीस किराण्याच्या पावत्या. एकदा हे लक्षात आलं की घरच्यांचा राग निम्मा होतो.

पुढच्या भेटीला ते एकटे आले आणि खरं दुखणं सांगितलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला होता. "रेनकोट, गमबूट, टॉर्च काढून दाराशी ठेवलं. मोबाइल हातात धरून दोन दिवस बसलो. मला वाटलं, बोलावतील. माणसं कमी आहेत, मला सगळी केबल कुठून गेलीय ते माहितीय. कुणाचाच फोन आला नाही, मॅडम."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. त्यातली परिभाषा बाजूला ठेवून सांगायचं तर घडलेली गोष्ट आणि आपलं दुःख यांच्या मध्ये आपण स्वतःला काहीतरी सांगत असतो. ते काय सांगतो, हे पकडायचं. वसंतराव सांगत होते: फोन आला नाही, म्हणजे माझा उपयोग संपला. उपयोग संपला, म्हणजे माझी किंमत संपली. यातली पहिली पायरी मी नाकारली नाही. तुमची अजून फार गरज आहे, असं खोटं गोड बोलून निवृत्त माणसाला आणखी एकटं पाडण्यात अर्थ नसतो. तांब्याच्या तारा जाऊन फायबर येत होतं, त्या कामात त्यांची गरज खरंच संपली होती. त्याचं वाईट वाटणं रास्त होतं, आणि त्यासाठी ते माझ्यासमोर रडले तेही योग्यच झालं. मला हात घालायचा होता दुसऱ्या पायरीला.

"तुमच्या आई शेवटी अंथरुणाला होत्या म्हणालात."

"चार वर्षं."

"त्या चार वर्षांत त्यांचा घराला काय उपयोग होता?"

ते एकदम ताठ झाले. "आईचा उपयोग? असं कसं विचारता तुम्ही?"

"विचारायला नको होतं?"

"आई होती ती! उपयोग काय बघायचा?"

"मग उपयोगाचा हिशेब फक्त तुमच्या एकट्यापुरताच का?"

त्या दिवशी उत्तर मिळालं नाही. मी आग्रहही धरला नाही. पुढचे कितीतरी आठवडे ते याच प्रश्नावर माझ्याशी भांडत राहिले आणि ते भांडण चांगलं होतं. वाचताना वाटेल, एका प्रश्नाने माणूस बदलला. तसं होत नाही. जुना विचार रोज सकाळी नव्याने उठतो, त्याला रोज उत्तर द्यावं लागतं.

घरी त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली. फ्रिजवर एक वही टांगली आणि शालनताईंना म्हणाले, "काय बिघडलं तर यात लिही. नाही लिहिलं तर मी हात लावणार नाही." पहिला आठवडा वही कोरी. ते अस्वस्थ होऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, कोरं पान म्हणजे काय? लाइनमनच्या भाषेत सांगा. ते विचार करून म्हणाले, "लाइन चालू आहे." त्या कोऱ्या पानांचा त्यांना जेवढा उपयोग झाला तेवढा माझ्या बोलण्याचा झाला नसेल. कुणी बोलावलेलं नाही, तरी मी या घरचा आहे, हे सोसायची आणि मग त्यात रमायची सवय त्यांना लागत गेली. पुढे वहीत एक ओळ आली, "पंख्याचा आवाज येतोय." दुरुस्ती झाली. त्यानंतर आणखी एक, "आज भाकरी तुम्ही करून बघा."

आता "कशात तरी गुंतवा" म्हणणाऱ्यांशी थोडं बोलते. गुंतवणं वाईट नाही, क्रम चुकतो. किंमत उपयोगावरच ठरते हा विचार तसाच ठेवून माणसाला एखाद्या मंडळात घातलं, तर तो मंडळाचा सेक्रेटरी होतो, तिथे भांडतो आणि दुसऱ्यांदा निवृत्त होऊन घरी येतो. वसंतराव आज नोव्हेंबर आला की जुन्या सहकाऱ्यांचे हयातीचे दाखले मोबाइलवरून भरून देतात. पण हे त्यांनी सावरल्यावर सुरू केलं. एखाद्या वर्षी कुणी आलं नाही तर ते कोसळणार नाहीत, असं मला वाटतं.

रॉबर्ट ॲचली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले. सुरुवातीला सुट्टीसारखे आनंदाचे दिवस, मग भ्रमनिरास, मग नवी जुळवाजुळव, मग स्थिरता. प्रत्येकजण याच क्रमाने जातो असं नाही, पण भ्रमनिरासाचा काळ येऊ शकतो हे आधी माहीत असलं तर माणूस स्वतःला दोष देत नाही. ठरलेल्या वयाला निवृत्त होणाऱ्याला, राज्य सरकारात बहुतेकांना ५८ आणि केंद्रात ६०, मनाची तयारी करायला वर्षं मिळतात. स्वेच्छानिवृत्ती, आजारपण, कंपनी बंद पडणं यांत ती मिळत नाहीत. अशा माणसाला आधी हळहळू द्या. लगेच "बरं झालं सुटलात" म्हणू नका.

घरच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करावी लागते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळातलं घर निवृत्त नवऱ्याने कधी पाहिलेलंच नसतं. त्या वेळेच्या घरात तो नव्या सुनेसारखा येतो. रीतभात आधीची, माणसांचे ठरलेले क्रम आधीचे, आणि त्याने काही दिवस पाहून शिकायचं असतं. निवृत्तीच्या आधीच्या वर्षात नवरा-बायकोने एकदा बसून हे बोलावं: दुपार कुणाची, टीव्ही कुणाचा, कोण कुठे एकटं जाणार. वसंतरावांकडे दुपारी दोन ते चार शालनताईंचे ठरले. ते तेव्हा वाचनालयात जातात. पैशाचंही याच बैठकीत ठरवावं. फंड-ग्रॅच्युइटीची रक्कम हातात आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मुलाच्या फ्लॅटसाठी किंवा भाच्याच्या धंद्यासाठी मोठा शब्द कुणालाही देऊ नये. कुणीतरी आपल्याला मागतंय, याचा त्या दिवसांत फार मोह पडतो.

बायकांची गोष्ट वेगळीच. एक मुख्याध्यापिका निवृत्त होऊन माझ्याकडे आल्या त्या वेळ जात नाही म्हणून नव्हे, तर वेळ उरतच नाही म्हणून. "आता तू मोकळीच आहेस" म्हणत लेकीने नातू, जावेने सासूबाई आणि भावाने दवाखान्याच्या फेऱ्या त्यांच्यावर टाकल्या होत्या. त्यांना मी नाही म्हणायचा सराव करायला लावला, अगदी मोठ्याने, माझ्या खोलीत. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन, कारण तिथेही मुळाशी तोच हिशेब आहे: कामाला आले तरच मी चांगली.

आणि हे मात्र समुपदेशनावर सोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक उडाली असेल, आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल, दारू वाढली असेल, विसरायला फार होत असेल, "माझं काय काम आता" हे वाक्य पुन्हा पुन्हा येत असेल, तर हा निवृत्तीचाच परिणाम असं म्हणून थांबू नका. थायरॉइड, बी १२, साखर तपासून घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. नैराश्यावर औषधं असतात आणि या वयातही ती काम करतात. जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं तर त्याला एकटं ठेवू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ आहे. दोन्ही क्रमांकांना पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.