एसयूव्हीचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलता येतात का? डिस्कही बदलावी लागते का? बाहेरून पॅड अर्धे शिल्लक दिसतात.

येतात. पण तुमचं ते 'बाहेरून अर्धे शिल्लक दिसतात' वाचलं आणि राहवलं नाही.

हेच वाक्य आमच्या दाजींचं. त्यांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून चिरका आवाज यायचा. चाकाच्या फटीतून टॉर्च मारून ते म्हणाले, "5-6 मिलिमीटर आहे अजून, वर्ष निघेल." मी म्हटलं, आतला पॅड बघा. "आतला काय वेगळा झिजतो का?" चिरका आवाज जाऊन खरखर सुरू झाली, तेव्हा गाडी माझ्याकडे आली.

चाक काढलं. बाहेरचा पॅड खरंच अर्धा होता. आतल्याची नुसती लोखंडी पट्टी उरलेली आणि डिस्कच्या आतल्या बाजूला नख अडकेल इतक्या खोल चऱ्या. दोष खालच्या स्लाइड पिनेचा, म्हणजे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जिच्यावर सरकतं त्या पिनेचा. एकाच बाजूला पिस्टन (दाबणारा दट्ट्या) असलेलं कॅलिपर पिनांवर नीट सरकलं, तरच दोन्ही पॅड सारखे दाबले जातात. पिन अडकली की सगळा मार बहुतेक आतला पॅड एकटा खातो. इथे पिनेवरचा रबरी बूट (आवरण) फाटलेला, आत पाणी, पिन गंजून घट्ट. ती पिळून पिळून बाहेर काढण्यात पाऊण तास गेला.

डिस्कची जाडी मोजली, तर तिच्यावरच कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा कमी भरली. बदला म्हटलं. दाजी म्हणाले, "राहू दे, नवे पॅड घासून बसतील." बसले की! त्याच चऱ्यांचे साचे होऊन बसले. आणि आता घरात चार माणसं जमली की हे सांगणार, "याने पॅड टाकले आणि माझी डिस्क खाल्ली." अहो, डिस्क माझ्या हातात आली तेव्हाच गेलेली होती!

असो. तुमचं काम. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मागच्या चाकांना अडण लावा, गाडी उचलली की स्टँड लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालणाऱ्याशी मला बोलायचंच नाही. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने वर बांधा. पिस्टन आत ढकलण्याआधी ब्रेक ऑइलची टाकी बघा, काठोकाठ असेल तर थोडं काढून घ्या. सांडलं तर गाडीचा रंग उठतो. आणि पिना! पिना बाहेर काढा, पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. नुसते पॅड बदलून पिनांना हात न लावणारा मेकॅनिक असेल, तर त्याने निम्मंच काम केलं असं मी समजतो.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्यांदा मी विसरलो होतो. पेडल थेट तळाला आणि गाडी फाटकाला. (हे दाजींना माहीत नाही.) मग मोकळ्या रस्त्यावर वेग 50 वरून 10 पर्यंत, असं 8-10 वेळा बेताने कमी करा, मध्ये ब्रेक थंड होऊ द्या.

डिस्कचं म्हणाल तर चऱ्या नखाला लागत असतील किंवा जाडी कमी भरली, तर बदला. नाहीतर राहू दे, उगाच खर्च कशाला.

हे सगळं सरकत्या कॅलिपरचं बरं का. काही दणकट गाड्यांना दोन्ही बाजूंनी पिस्टन असतात, तिथे या पिना नसतातच, म्हणून आधी आपलं कॅलिपर ओळखा. आणि सगळं करूनही पेडल मऊच लागलं तर बहुधा ब्रेकच्या नळीत हवा आहे, गाडी बाहेर काढू नका.

मोजायचा तो आतला पॅड. लोखंडी पट्टी सोडून 3 मिलिमीटर किंवा कमी उरला असेल तर बदलाच. दाजींची ती गंजकी पिन मी जपून ठेवली आहे. पुढच्या वेळी चार माणसं जमली की टेबलावर ठेवणार आहे.