पिशवीतली बाटली

"मॅडम, गोड कधीच सोडलंय, तरी शुगर उतरत का नाही?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. चहा बिनसाखरेचा, श्रीखंडाची वाटी बाजूला सारलेली, आंब्याकडे पाठ, आणि रिपोर्टमधले आकडे मात्र चढेच. अशा वेळी मी खाण्याबद्दल विचारत नाही. पिण्याबद्दल विचारते.

एसटीत कंडक्टर असलेले एक गृहस्थ बायकोबरोबर आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीए१सी 9.4. वहिनी म्हणाल्या, "माझ्या हातचं गोड ह्यांनी वर्षभर तोंडात घातलेलं नाही." ते खरंच होतं. मी विचारलं, "काका, ड्युटीच्या पिशवीत काय काय असतं?"

तिकिटाचं मशीन, डबा, टॉवेल आणि कोल्ड्रिंकची 600 मिलीची बाटली.

"ते गोड नाही हो मॅडम, औषध आहे ते."

दोन वर्षांपूर्वी पसरणीच्या घाटात त्यांची शुगर एकदम उतरली होती. सकाळची गोळी घेतलेली, जेवण राहून गेलेलं. घाम फुटला, हातपाय कापायला लागले, शब्द अडखळले. कुणीतरी कोल्ड्रिंक पाजलं आणि दहा-पंधरा मिनिटांत ते सावरले. तेव्हापासून जरा गरगरलं की दोन घोट. रोज अख्खी बाटली संपायची.

या बाटलीत 100 मिलीला साधारण 10-11 ग्रॅम साखर असते. म्हणजे 600 मिलीत 60 ग्रॅमच्या वर, बारा चमचे तरी. भाकरी पोटात हळूहळू पचते, तिच्यात तंतू असतात. इथे साखर आधीच विरघळलेली, अडवायला काहीच नाही, त्यामुळे ती झपाट्याने रक्तात उतरते. शुगर चढली की लघवी वाढते, घशाला कोरड पडते आणि हात पुन्हा त्याच बाटलीकडे जातो. जिरा सोडा, उसाचा रस, पॅकबंद फळांचा रस यांचीही गत फार वेगळी नाही.

हे सगळं त्यांना आधी दोघांनी सांगून झालं होतं. मी मुद्दाम नाही सांगितलं. सवय सोडा म्हणण्याआधी ती सवय माणसाला कशापासून सांभाळते आहे, हे मी शोधते. इतक्या वर्षांत या वाटेने मला क्वचितच रिकाम्या हाती परत यावं लागलंय. त्यांना एवढंच म्हटलं, "गरगरलं की आधी बोट टोचून आकडा लिहा, मग हवं तर प्या."

पंधरा दिवसांनी वही आली. 171. 148. 204. एकदाही 70 च्या खाली नाही, म्हणजे शुगर उतरलेलीच नव्हती. शुगर बरेच महिने चढी राहिली की ती नीट पातळीवर आली तरी शरीराला उतरल्यासारखी वाटते, हे मी समजावलं. पण 204 ला कसली घाबरगुंडी? ते वहीकडे बघत गप्प बसले. मीही बोलले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"त्या दिवशी मागच्या सीटवरून एकजण ओरडला होता, मास्तर ढोसून आलाय. सव्वीस वर्षं नोकरी केली मॅडम. दारूला शिवलो नाही."

वहिनींनी हे पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आणि मला तिथेच उमगलं, की ते दोन वर्षं शुगरला घाबरत नव्हते, त्या एका वाक्याला घाबरत होते. प्रत्येक घोट इभ्रतीसाठी होता. अशा माणसापुढे साखरेचे चमचे मोजून काय होणार?

मग काम सोपं झालं. मी म्हटलं, "सोबतच्या ड्रायव्हरला सांगून टाका. मी अडखळायला लागलो तर शुगर उतरली समजा." त्यांना आठवडा लागला, पण सांगितलं. डॉक्टरांनी गोळीची वेळ जेवणाशी जुळवून दिली.

तुमच्या घरीही कुणी इन्सुलिनवर किंवा शुगर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्यांवर असेल, तर गोड जवळ हवंच, पण मोजून. शुगर 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम पुरतात: तीन चमचे साखर पाण्यात, किंवा कोल्ड्रिंक असेल तर जेमतेम अर्धा पेला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजूनही खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या. मीटर हाताशी नसेल आणि लक्षणं ठळक असतील तर वाट बघू नका, साखर द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. डाएट म्हणून मिळणाऱ्या बाटलीत साखर नसते, त्यामुळे अशा वेळी ती निरुपयोगी. एरवी तहानेला पाणी, पातळ ताक, नाहीतर बिनसाखरेचं लिंबूपाणी.

सहा महिन्यांनी काकांचा एचबीए१सी 7.5 वर आला. मागच्या खेपेला त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर उघडली: मशीन, डबा, टॉवेल, मीटर आणि कागदात बांधलेली साखरेची पुडी. "अशीच एक ड्रायव्हरच्या खिशात पण असते," म्हणाले.